तिघांवाचून अडणारं काम

प्रा. वत्सला राव यांचा माझा पहिला परिचय कोडबळ्यांच्या, म्हणजे इथल्या कडबोळ्यांच्या, डब्यावरून झाला. मी पुण्याहून बंगळूरला शिकायला आलो होतो. पहिल्याच तासाला त्यांनी आम्हा तिघा विद्यार्थ्यांपुढे डबा ठेवला आणि सांगितलं, ‘‘ज्या दोघांचं जमेल त्यांनी वाटून घ्यावा. तिसऱ्याला काही नाही.’’ दोघांचं जमलं, की वगळलेला तिसरा त्यांतल्या एकाला जास्त देऊ करी आणि जोडी फुटे. तास संपला तरी करार होईना. ‘‘सरी, बरं, तुम्ही भांडा,’’ म्हणत बाईंनी आमच्यादेखत एक कोडबळं कडकन मोडलं. युती कशी जमते आणि का फुटते, हा त्यांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा विषय मला असा उपाशीपोटी कळला.

पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच असलेल्या घरातल्या बाईंना सगळे अक्का म्हणतात. मी तापाने फणफणलो तेव्हा त्यांनी बसवनगुडीहून स्वतः सारु-भात आणला आणि संपेपर्यंत मला रागावत बसल्या.

गेल्या गणेशोत्सवात आमचं मराठी मंडळच फुटायला आलं. शिक्षण संपवून इथेच नोकरीला लागलेला मी त्याचा चिटणीस. बसवनगुडीची जुनी घराणी, चिकपेटचे कापडव्यापारी आणि व्हाइटफील्डचे माझ्यासारखे नवे नोकरदार, असे त्यात तीन गट. मुख्य संध्याकाळचा कार्यक्रम कोणाचा, यावर रोज नवी जोडी जमे आणि मोडे. या गावात मला घर वाटावं असं ते एकच ठिकाण. ते मोडणार या धास्तीने मी अक्कांना बैठकीला घेऊन आलो.

सगळ्यांचं ऐकून अक्का म्हणाल्या, ‘‘स्वल्प थांबा. दोघांत भागतंय म्हणून तर तिसऱ्याला बाहेर काढता. तिघांवाचून अडेल असं एक काम सांगा पाहू.’’

चिकपेटचे एक अण्णा चाचरत म्हणाले, ‘‘अक्का, ऐतिहासिक नाटक?’’

पोशाख चिकपेटचे, सभागृह आणि दिग्दर्शन बसवनगुडीचं, नट व्हाइटफील्डचे. एकालाही वगळून पडदा वर जाणार नव्हता! प्रयोगात आमचे सेनापती भर दरबारात म्हणाले, ‘‘महाराज, अ‍ॅक्च्युअली शत्रू रीच झालाय.’’ विंगेतून बसवनगुडीच्या दिग्दर्शिका ओरडल्या, ‘‘अय्यो, पोचला म्हण रे!’’ प्रेक्षकांची मुरकुंडी वळली. सर्वांत जोरात अक्का हसत होत्या, आणि मला आनंदाने रडू येत होतं.

अक्कांच्या शास्त्रात माणसाचं मोल ठरवायची एक रीत आहे: तो समूहात नसता तर किती उणं पडलं असतं, ते पाहायचं. अक्कांच्या पंचाहत्तरीनिमित्त त्यांच्याविषयी हेच गणित मांडा, असं या गौरव अंकाच्या संपादकांनी सुचवलं. मी साफ नकार दिला. अक्का, ठणठणीत राहा, खूप जगा. हे एक उदाहरण आम्हाला सोडवायचंच नाही.