गव्हाणच्या बायकांची खाती

पनवेलच्या बाजारातल्या एका छोट्या सहकारी बँकेत मी शाखाधिकारी होते. निवृत्तीच्या थोडी वर्षं आधी आम्ही गव्हाणला देवळाच्या ओसरीवर टेबल मांडून बायकांची खाती उघडली. मासळी विकणाऱ्या, भाजी विकणाऱ्या बायका. बहुतेकींचं आयुष्यातलं पहिलंच खातं. मुख्य कार्यालयातले साहेब कुरकुरायचे, "एवढ्याशा रकमा, आणि काम दुप्पट." मलाही कधीकधी ते पटायचं.

मग एक दिवस आमची बँक बुडत असल्याचा मेसेज गावभर फिरला. खोटाच होता, पण सकाळी शटर वर जायच्या आत रांग लागली. जमिनी विकून पैसे आलेल्या मोठ्या ठेवीदारांनी घरबसल्या मोबाईलवरूनच रकमा दुसरीकडे वळवल्या होत्या. रांगेत जास्त करून गव्हाणच्या बायका होत्या. कॅशियरला मी एवढंच सांगितलं, "कुणालाही थांबवायचं नाही. मागतील तेवढे द्यायचे."

त्यांच्यात खाडीची कोलंबी विकणारी एक बाई होती. तिला सही गिरवायला मीच शिकवलं होतं. तिनं सगळे पैसे काढले, बटव्यात कोंबले आणि माझ्याकडे न बघता निघून गेली. मला लागलं ते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती परत आली, शेजारणींना घेऊन. बटवा काउंटरवर ठेवून म्हणाली, "भरून घ्या, मॅडम."

"अहो ताई, कालच तर काढलेत."

"मागितल्याबरोबर दिलंत ना, मंजी पैसं हायत बँकेत. घरात ठेवलं तर झोप नाय. पोरगा सकाळपासून गाडीच्या हप्त्याला मागतोय."

शेजारणी हसल्या, मग मीही.

पुढच्या काही दिवसांत बाकीच्याही परतल्या. रकमा लहान होत्या, पण खाती इतकी होती की तिजोरीत पुन्हा जीव आला. ते बघून अजून रांगेत येणारे इतर लोकही पैसे न काढता घरी गेले. मोठे ठेवीदार आले ते सावकाश, जास्त व्याजाची घासाघीस करत.

नंतर एकदा बाजारात तिला म्हटलं, "तुमच्यामुळे आमची शाखा तरली."

"मी काय केलं? मना घरात ठेवायची भीती वाटली," ती म्हणाली आणि कोलंबी निवडत राहिली.

तिला ते कधीच पटलं नाही. त्या शाखेतली माणसं आजही नोकरीवर आहेत, माझं पेन्शनही तिथेच जमा होतं. ओसरीवरचं ते टेबल कुरकुर ऐकून उचललं नाही, याचं मला फार समाधान आहे. आणि त्या बायकांचे उपकार तर आहेतच.