कपाट खाली करून ठेवा

भूकंपानंतर आई घरात झोपेना. लातुरातलं आमचं घर शाबूत होतं, भिंतीला एक तडा तेवढा गेला होता. पण तिच्या पलंगाच्या बरोबर वर, गच्चीवरच्या खोलीत, वडिलांचं लोखंडी कपाट होतं. "ते उतरल्याबिगर मी आत पाठ टेकणार न्हाई," असं तिनं अंगणातल्या बाजेवरून सांगून टाकलं.

वडील फिजिक्स शिकवायचे. कॉलेज सुटलं की वर शिकवणी. चाकूरपासून देगलूरपर्यंतची मुलं तेव्हा बारावीसाठी लातुरात खोल्या धरून राहायला लागली होती. त्यातली पंधरा-सोळा आमच्याकडं यायची. मीही त्यांच्यातच बसायचे. कपाटात वडिलांच्या वीस वर्षांच्या वह्या, पितळी वजनं, भिंगं. ते वर नेलं तेव्हा आतला रुंद जिना होता. तो मोडून पुढं बाहेरून लोखंडी गोल जिना केला, त्यातून कपाट उतरणं शक्यच नव्हतं.

म्हणून वडिलांनी मिस्त्रीचाचांना बोलावलं. टाक्या, पत्रे, पाइप चढवण्या-उतरवण्यात त्यांची हयात गेलेली. त्यांनी कपाटाला हात लावला, कठड्यावरून अंगणात बघितलं अन् म्हणाले, "सर, मी रस्सा घेऊन येतो. तवर कपाट खाली करून ठेवा."

ते गेल्यावर वडील म्हणाले, "आपणच खाली करायचं, तर हे रस्सा कशाला आणून राहिलेत?"

त्यांना ते आव्हानच वाटलं असावं. त्यांनी फळ्यावर कपाट काढलं, बाण काढले, वजन पंधरा जणांत विभागलं आणि उत्तर फारच किरकोळ आलं. शेजारच्या विहिरीचा दोर आणला. कपाट बांधून, फळ्यांवरून सरकवत कठड्यावर चढवलं. "आता हळूहळू सोडा."

कपाट कलंडलं. आतलं वीस वर्षांचं फिजिक्स एका बाजूला गेलं, दार उघडलं आणि वह्या अंगणात बरसल्या. एक पितळी वजन बाजेवर आदळलं. आई नेमकी चहा टाकायला आत गेली होती. दोर तळहातांतून पळायला लागला आणि आम्ही सगळे, पुढं वडील, चपला फरफटत कठड्याकडं निघालो.

"सर, घर्षण कमी पडून राहिलंय," देगलूरचा एक जण अगदी मनापासून म्हणाला.

तेवढ्यात चाचा जिन्यातून वर आले. ओरडले नाहीत. आमच्या मागं लोळणारं दोराचं टोक उचलून त्यांनी गच्चीवरच्या कॉलमला झटपट तीन वेढे दिले. दोर थांबला.

"आता सोडा."

कुणी सोडेना.

"सोडा म्हणतोय ना."

सोडला. चाचांनी एका हातानं कपाट धरलं होतं.

आम्ही ते ओढून परत गच्चीवर घेतलं. घाम पुसत चाचांनी विचारलं, "सर, मी काय सांगून गेलतो?"

"कपाट खाली करून ठेवा."

"हाव. खाली. मंजी रिकामं."

वडील एकदा कपाटाकडं, एकदा चाचांकडं बघत राहिले. खालून आईचं हसू ऐकू आलं. भूकंपानंतर ती पहिल्यांदा हसत होती, आणि तिला ते आवरेना.

मग चाचांच्या पद्धतीनं काम झालं. उरलंसुरलं सामान काढलं, दारं बांधली, कठड्यावर गोधडी टाकली. जाड रस्सा कॉलमला गुंडाळून तो वीत वीत सोडायचा. कपाट भिंतीवर घासू नये म्हणून दुसरी दोरी अंगणाच्या टोकाला उभं राहून ताणायची. अंगण मोकळं केलं, आईला शेजारी पाठवलं. "खाली कुणी उभं राहायचं न्हाई, सर, तुम्हीसुद्धा," चाचा म्हणाले. कपाट पायांवर टेकलं तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही.

आई त्या दुपारी घरात झोपली ती चांगली संध्याकाळपर्यंत. वडील वह्या गोळा करत होते.

दोन दिवसांनी वडिलांनी चाचांना शिकवणीला बोलावलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले, फळ्याकडं बघितलंही नाही. कॉलमला रस्सा गुंडाळून एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसऱ्या टोकाला चार दांडगी मुलं लावली. त्यांनी जीव खाऊन ओढलं. मी जागची हलले नाही. वडील वही घेऊन मुलांमध्ये खाली बसले आणि त्यांनी विचारलं, "चाचा, वेढे किती द्यायचे ते कसं ठरवता?"

"हाताला कळतं, सर," चाचा म्हणाले.

वडिलांनी तेही लिहून घेतलं.