मळी या शब्दाचा अर्थ

आज मालेगावच्या बाजारात एका दुकानदाराने डबा उघडला आणि आतल्या काळ्या, चिकट पाकाचा आंबूस, गोड वास आला. “साखर कारखान्याची मळी हाय,” तो म्हणाला. दिवसभर लोकांचे अर्ज लिहून शिणलेला मी तेथेच खाली बसलो.

पुष्कळ वर्षांपूर्वी आसेगावचा किसन शेतकी खात्याचे पत्रक घेऊन माझ्याकडे आला होता. खड्ड्यात हिरवी ज्वारी दाबून मुरघास करताना तीवर मळीचे पाणी शिंपडावे, असे त्यात छापले होते. त्याच्या दोन म्हशींचा उन्हाळा त्या खड्ड्यावरच निघायचा होता.

“मुनशीजी, मळी म्हंजे काय जी?”

मला ठाऊक नव्हते. परंतु तसे कबूल करणे माझ्या पेशास शोभले नसते.

“तळ्यातला गाळ,” मी अधिकारवाणीने सांगितले.

चैत्रात त्याने खड्डा उघडला, तेव्हा गाळाचे पाणी शिंपडलेला चारा कुजून काळा पडला होता. म्हशींनी त्याला तोंडही लावले नाही. सरकारी चाऱ्याचा अर्ज लिहून घेण्यास तो पुन्हा माझ्याकडेच आला.

“तुमी तं बराबरच सांगतलं जी. कागदच खोटा असन.”

मी अर्जात तसेच लिहिले. अक्षर फार सुरेख आले होते.