ताईची कासवं कमी करताना

ताईच्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट कित्येक वर्षं नुसतं चर्चेत होतं. त्यामुळे जानेवारीत तिचा फोन आला, "अरे, सह्या झाल्या. मार्चअखेर जागा रिकामी करायची आहे," तेव्हा मला आधी खरंच वाटेना. मग आनंद झाला. आणि साधारण अर्ध्या मिनिटाने तो ओसरला. कारण ताई एकटी नव्हती.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण. डोंबिवलीच्या एका शाळेत तिने तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. लग्न केलं नाही. तळमजल्यावर दोन खोल्या आणि मागे फरशीचं छोटं अंगण, एवढा तिचा संसार. मी बाळकुमला राहतो. नवी इमारत होईपर्यंत तिने आमच्याकडे राहायचं, हे कुणी न बोलताच ठरलेलं होतं. प्रश्न तिच्यासोबतच्या मंडळींचा होता.

रविवारी मी मोजायला गेलो. अंगणात सिमेंटच्या दोन टाक्या आणि प्लास्टिकचे टब, त्यांत पाण्यातली कासवं, सत्तावीस. कानाशी लाल पट्टा असतो ना, ती. बैठकीच्या खोलीत, जिथे पूर्वी पुस्तकांचं कपाट होतं तिथे, काचेच्या पेट्यांत ठिपकेवाल्या परदेशी पाली, नऊ. दाढीवाले सरडे, तीन. आणि खिडकीच्या ग्रिलमध्ये हिरवे, हातभर लांब, कमालीचे तुसडे दिसणारे दोन इग्वाना. एकूण एकेचाळीस. शिवाय त्यांच्या खाण्यासाठी एका डब्यात पाळलेले रातकिडे, ते मोजायचा प्रश्नच नव्हता.

"ताई, हे झालं कसं?"

"लोकांनी केलं," ती म्हणाली.

आणि ते खरं होतं. रिटायर झाल्यावर पहिल्याच वर्षी एका विद्यार्थ्याच्या आईने एक कासव आणून दिलं. विकत घेताना ते रुपयाच्या नाण्याएवढं होतं म्हणे, दुकानदाराने सांगितलं एवढंच राहतं. ते जेवणाच्या ताटाएवढं झालं. मॅडम जीवशास्त्राच्या, त्या नाही म्हणणार नाहीत. मॅडम नाही म्हणाल्या नाहीत. ही बातमी डोंबिवलीभर अशी फिरली, की पुढे लोक बेल वाजवून टब दारात ठेवायचे आणि ताई दार उघडेपर्यंत रिक्षात बसलेले असायचे. कुणाची बदली झाली, कुणाला बाळ झालं, कुणाच्या सासूला वास सहन होईना. सगळ्यांचं ओझं शेवटी ताईच्या अंगणात.

ती कुणालाच नाव देत नसे. "नाव ठेवलं की जीव गुंततो," म्हणायची. त्याऐवजी रोल नंबर. शाळेचा एक जुना हजेरीपट तिने त्यासाठी वापरायला घेतला होता. रोज सकाळी भाजी टाकताना हजेरी. "अकरा नंबर दोन दिवस खात नाहीये," हे ती ज्या काळजीने सांगायची, त्या काळजीने तिने माझ्या बायपासची चौकशी केली नव्हती.

घरी आल्यावर बायकोला आकडा सांगितला. तिने कणीक मळता मळता ऐकून घेतलं. "ताई हव्या तेवढा काळ राहू देत," ती म्हणाली, "आतली खोली त्यांचीच. पण प्राणी कोरड्या बाल्कनीत मावतील तेवढेच. आणि ते किडे माझ्या स्वयंपाकघरात दिसले, तर मी माहेरी जाईन."

कोरडी बाल्कनी म्हणजे वॉशिंग मशीन, फिनेलच्या बाटल्या आणि एक माणूस उभा राहील एवढी जागा. मी हिशोबाने पाचाचा आकडा ठरवला. छत्तीस जणांना घरं शोधायची. मी आयुष्यभर खरेदी विभागात काम केलंय, वाटलं, हे काय अवघड आहे?

मी ओळखीच्या सगळ्या ग्रुपवर फोटो टाकले. फोन यायला लागले. आणि मग मला कळलं, की अडचण घरं मिळण्याची नव्हतीच. अडचण ताई होती.

ती प्रत्येकाची तोंडी परीक्षा घ्यायची. दारातच. हातात हजेरीपट.

पहिले गृहस्थ नौपाड्यातून आले, अगदी सज्जन, शर्ट इन केलेला. त्यांना एकच कासव हवं होतं, उत्तरेला तोंड करून ठेवायला. ताईने विचारलं, "आणि ते पश्चिमेला वळलं तर?" ते म्हणाले, "वळतं का?" ताईने दार लावून घेतलं.

मग एक बाई आल्या, त्यांना बारा हवी होती. बारा! मी मनात नाचलो. ताईने शांतपणे विचारलं, "बारा कशाला?" तर मुलीच्या वाढदिवसाला येणाऱ्या मुलांना रिटर्न गिफ्ट. छोटी छोटी मिळाली तर बरं, म्हणाल्या, पिशवीत बसतील अशी. त्यानंतर ताई काय बोलली ते मी लिहीत नाही, पण शेजारच्या जोशीकाकू बाल्कनीत आल्या होत्या एवढं सांगतो.

येऊरकडे रिसॉर्ट असलेल्या एकाला दोन्ही इग्वाना पाहिजे होते. गेस्टना खांद्यावर ठेवून फोटो काढता येतील म्हणून. "ते चावतात," ताई म्हणाली. "काय सांगता?" "मी सांगेन तेव्हा चावतात." गेला बिचारा.

"अगं, थोडी तरी सूट दे," मी एकदा वैतागून म्हणालो. "तू काय दत्तक मूल देतेयस का?"

"मूल दिलं तर ते मोठं झाल्यावर भांडायला तरी येईल," ती म्हणाली. "ही कुठे जाणार?"

सहा आठवड्यांत तीन कासवं गेली. आणि फेब्रुवारीच्या एका सकाळी दूधवाल्याच्या आधी कुणीतरी येऊन दारात बादली ठेवून गेलं, तिच्यात दोन. म्हणजे दर रविवारी बाळकुम ते डोंबिवली हेलपाटे घालून, चाळीस-पन्नास फोन करून, लोकांची बोलणी खाऊन, मी एक कासव कमी केलं होतं. एक.

त्या दिवशी मी ताईवर ओरडलो. साठीला आलेला माणूस सत्तरीच्या बहिणीवर ओरडतो, ते ऐकायला बरं नसतं. "मग सोडून देऊ तलावात! ठाण्यात तलाव काय कमी आहेत? लोक सोडतातच ना!" ती टाकीतलं घाण पाणी मगाने काढत राहिली. मला अजून राग आला. मी चार मोठी कासवं एका टबमध्ये घातली, म्हटलं माझ्या ओळखीत दोन घरं आहेत, ती घेतात. तिने माझ्याकडे बघितलं, रोल नंबर लिहून घेतले, आणि टबवर ओलं फडकं घालून दिलं.

घरंबिरं काही नव्हती. मी खोटं बोललो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी गाडी काढली आणि जुन्या बाळकुम गावाच्या मागे खाडीकडे गेलो. आमचा कॉम्प्लेक्स संपला की दोन वळणांवर अजून होड्या दिसतात. तलावावर वॉचमन असतो, इथे कोण बघणार, असा माझा विचार. टब उचलून काठापर्यंत नेला, तर उलट्या ठेवलेल्या होडीच्या आड एक म्हातारे कोळी जाळं सांधत बसलेले.

"काय सोरतंव पान्यान?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "काही नाही काका, कासवं आहेत. मोकळी करतोय."

ते उठून आले. फडकं बाजूला केलं. एक कासव हातात घेऊन त्याच्या कानाजवळचा लाल पट्टा अंगठ्याने पुसल्यासारखा केला. "ह्यी आपली नाय. ह्यी खाऱ्या पान्यान जगनार नाय. मागं कोनी सोरली, दोन दिसान माज्या जाल्यान मेलेली गावली." मग माझ्या इस्त्रीच्या पँटकडे बघून म्हणाले, "तुमी शिकलेली मानसा ना?"

रागावून बोलले असते तर मी काहीतरी उलट बोललो असतो. पण त्यांनी खरंच विचारलं होतं. मी टब पुन्हा गाडीत ठेवला आणि सरळ डोंबिवलीला गेलो. शीळफाट्याला दीड तास अडकलो. मागच्या सीटवर चौघं टबच्या भिंतीला नखं घासत होती, तेवढाच आवाज.

ताईला सगळं सांगून टाकलं. ती ओट्याशी भोपळा चिरत होती. मला वाटलं आता मी संपलो. तिने सुरी खाली ठेवली, हात पुसले.

"बस," ती म्हणाली. "माझंही तुला एक सांगायचं राहिलंय."

ओट्याखाली, गॅसच्या सिलिंडरच्या मागे, एक लाकडी खोका होता. मी तो शंभर वेळा पाहिला असेल, मला वाटे कांदे-बटाटे असतील. तिने तो बाहेर ओढला. आत वाळलेल्या गवतावर एक जमिनीवरचं कासव होतं. पाठीवर प्रत्येक उंचवट्यावरून पिवळ्या रेषा फुटलेल्या, काळ्यावर पिवळी चांदणी काढावी तशी.

ते काय आहे हे मलाही माहीत होतं. आपल्याकडचं तारा कासव. घरी ठेवणं गुन्हा.

"किती दिवस?"

"दोन वर्षं. कुणीतरी पिशवीत घालून ग्रिलला लटकवून गेलं होतं. कवच मऊ पडलं होतं त्याचं. म्हटलं बरं झालं की देऊ. मग बरं झालं."

बाकी सगळ्या परदेशी प्राण्यांची तिने रीतसर सरकारी नोंदणी केलेली होती, कागद फाइलला लावलेले. नोंद बदलायचा अर्ज अपुरा भरलेल्या लोकांना ती परत पाठवायची. "तू वर्गात शिकवायचीस ना ताई? कायदा, परिशिष्टं, सगळं?"

"शिकवायचे," ती म्हणाली. "दर वर्षी. प्रश्न पण काढायचे त्यावर." आणि तिचा चेहरा असा वेडावाकडा झाला, की मी पटकन दुसरीकडे बघितलं. मी तिला वडील गेले तेव्हाही रडताना पाहिलेलं नाही.

हजेरीपटात त्याला नंबर नव्हता. मी नाव विचारलं नाही.

नौपाड्यात तिची एक जुनी विद्यार्थिनी प्राण्यांची डॉक्टर आहे. तिला फोन केला. ती ताईला अजून घाबरते, पण त्या दिवशी ती बोलत होती आणि ताई ऐकत होती. "मॅडम, लपवू नका. आपण स्वतःहून देऊ. मी बरोबर येते." वनखात्याच्या कचेरीत एका तरुण अधिकाऱ्याने दोन तास बसवलं, जबाब लिहून घेतला, सही घेतली, ताकीद दिली. कुत्सितपणे वागला नाही, हे त्याचे उपकार. त्याने खोका आत नेला तेव्हा ताई म्हणाली, "त्याला काकडी देऊ नका, त्याला चालत नाही." तो म्हणाला, "हो मॅडम." ती अजून काहीतरी सांगणार होती, पण दार बंद झालं.

परत येताना गाडीत ती एकच वाक्य बोलली. "बाकीच्यांचं आटपू या आता."

पुढचं काम तीन आठवड्यांत झालं. डॉक्टरच्या ओळखीने कल्याणच्या एका कॉलेजातल्या प्राणिशास्त्र विभागाने त्यांच्या बंदिस्त हौदासाठी अठरा कासवं घेतली. उरलेली आठ, तिच्याकडे आपले प्राणी आणणाऱ्या चार घरांत गेली. पाच पाली आणि तिन्ही सरडे आधीपासून पाळणाऱ्या दोघांनी नेले, एक इग्वाना टिटवाळ्याच्या एका जोडप्याने. त्यांनी त्याच्यासाठी आख्खी खोली रिकामी केली होती, वेडी माणसं. ताईने तोंडी परीक्षा सोडली नाही, पण प्रश्न कमी केले. प्रत्येकाची सरकारी नोंद बदलायला पोर्टलवर जे काही भरावं लागलं, त्याने माझ्या चष्म्याचा नंबर अर्ध्याने वाढला असावा. दर वेळी शेवटच्या पानावर ते मला बाहेर काढायचं.

आता एक इग्वाना आणि चार पाली आमच्या कोरड्या बाल्कनीत आहेत. वॉशिंग मशीन हॉलमध्ये आलं आहे. रातकिडे पहिल्याच आठवड्यात एकदा सुटले. बायको माहेरी गेली नाही, पण दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. ताईशी बोलत होती.

मागच्या महिन्यात ताईला कॉलेजात कासवं बघायला घेऊन गेलो. दहा मिनिटांत येऊ, असं ठरलं होतं. हौदाच्या कठड्याला टेकून तिने खूप वेळ खाली पाहिलं. कुठलं कोणतं ते तिला ओळखता येईना. कुणीच वर बघितलं नाही. मग दोन मुलींनी येऊन तिला काहीतरी विचारलं, आणि तिने सुरू केलं: श्वसन, कवचाची वाढ, दुकानदार काय खोटं सांगतात. सातआठ मुलं जमली. मी पायरीवर उन्हात बसलो. साडेबाराचे सव्वा झाले. मी दोनदा घड्याळ दाखवलं, तिने दुर्लक्ष केलं. माझ्यासारख्या शुगरच्या माणसाने वेळेवर जेवायचं असतं, हे तिला जीवशास्त्रात नव्हतं बहुतेक.

दीडला ती आली. "अरे, इथे काय बसून राहिलायस?" म्हणाली. "केवढं ऊन आहे. चल, मला भूक लागलीय."