दीपकभाऊंचा काळा ग्लास

नाशकात नवं हॉटेल निघालं की आधी दारात नारळ फुटतो, मग शुभेच्छांचे फ्लेक्स लागतात आणि त्यानंतर दीपक बोराडेंचं मत येतं. पहिल्या दोन गोष्टी एखाद वेळेस राहून जातील, तिसरी राहत नाही. दीपकभाऊ अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतात, म्हणजे नटबोल्ट देतात आणि सही घेतात. तिथे त्यांना कोणी काही विचारत नाही. एकदा कँटीनच्या डाळीबद्दल त्यांनी सविस्तर सांगायला घेतलं होतं, तर वाढणारा 'पुढं सरका' म्हणाला. पण शनिवारी दिवेलागणीला पाथर्डी फाट्याजवळच्या हॉटेल रानवाराच्या परमिट रूममध्ये, कोपऱ्यातल्या टेबलाशी ते बसले की त्यांचा आवाज खाली उतरतो आणि भारदस्त होतो.

"कॉलेज रोडच्या त्या काचेच्या हॉटेलात जाऊ नका," ते सांगतात. "मेनू कार्ड लाकडी फळीला बांधलंय. शेंगदाणे मागवा, मोठ्या बशीत येतात, वर कोथिंबिरीचं एक पान. पान उचललं की खाली शोधत बसा."

गंगापूर रोडकडच्या वाइनबद्दलही त्यांचं मत ठरलेलं आहे. "आपल्याच निफाडची द्राक्षं आपल्याला इंग्रजीत परत देतात, आणि वर म्हणतात, आधी वास घ्या." मोहितो म्हणजे पुदिना घातलेलं लिंबू सरबत, घसा बसला असेल तर घ्यावं. कॉकटेल या प्रकारावरच त्यांचा विश्वास नाही. चार बाटल्यांचं उरलंसुरलं एकत्र करून वर छत्री लावली की लोक फोटो काढतात, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा खरा सिद्धांत मात्र पापडाचा आहे. मसाला पापड आला की आधी त्याची कड मोडायची. आवाज झाला तर बसायचं, नाही तर उठायचं. ज्याला पापड कोरडा ठेवता येत नाही, त्याला बाटली काय सांभाळता येणार.

हे ऐकायला समोर दोघं असतात. मल्हारीच्या दोन ट्रॅव्हल्सच्या गाड्या आहेत आणि रवी विम्याचा एजंट आहे. मल्हारी साडूला जेवायला न्यायचं झालं तरी आधी भाऊंना फोन करतो. रवीने तर भाऊंच्या सांगण्यावरून व्हिस्की सोडून रम धरली. "तुझ्या अंगाला व्हिस्की मानवत नाही," भाऊ म्हणाले होते, आणि रवीला खरोखरच त्या आठवड्यापासून बरं वाटायला लागलं.

या सगळ्यात अडचण एकच होती. दीपकभाऊंनी आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नव्हता.

झालं होतं असं. नोकरीला लागल्यावर कंपनीतल्या कोणाच्या तरी प्रमोशनची पार्टी होती. दीपकभाऊंनी ग्लासात नुसता कोला ओतून घेतला, कारण दारूच्या वासानेच त्यांना मळमळत होतं. तेव्हा कंपनीत गाड्या पुरवणारा मल्हारी शेजारी बसला होता. त्याला वाटलं, यात रम आहे. तिसरा ग्लास संपल्यावर तो कौतुकाने म्हणाला, "वा भाऊ, सरळ बसलाय अजून." दीपकभाऊंना त्याआधी कोणी 'वा' म्हणाल्याचं आठवत नव्हतं. आता खरं सांगायचं तर ते 'वा' परत करावं लागलं असतं. ते गप्प राहिले, आणि पंचवीसेक वर्षं तसेच राहिले. रानवाराचा वेटर केरू त्यांचा ग्लास आतूनच भरून आणतो, काळा, वर दोन बर्फाचे तुकडे. केरूने त्याबद्दल कधी तोंड उघडलेलं नाही.

बरं, प्रत्येक कंपूत एक न पिणारा असतो. तो कोल्ड्रिंक घेऊन बसतो, सगळ्यांचा चखना फस्त करतो आणि शिव्या खातो. दीपकभाऊही तेच करत होते. चना कोळीवाडा, कबाब, अंडा भुर्जी, शेवटी लिंबाच्या फोडीसुद्धा. पण त्यांना कोणी शिव्या देत नसे. "भाऊंना पचते ना, म्हणून भूक लागते," रवी म्हणायचा आणि स्वतःची बशी पुढे सरकवायचा.

मग घर. सिडकोतल्या त्या गल्लीत भिंतीला भिंत लागून घरं. दीपकभाऊ रानवाराहून आले की उज्वलाताई दारातच उभ्या असायच्या. "आलात ढोसून? लाज नाही वाटत? पोरगी मोठी झाली घरात." आवाज टिपेचा. शेजारच्या लताबाई त्या वेळी टीव्हीचा आवाज कमी करायच्या. दीपकभाऊ मान खाली घालून उभे राहायचे, आणि खोटं कशाला बोला, पायरी चढताना जरासा तोलही जाऊ द्यायचे. बायकोचं बोलणं त्यांना लागत नसे. उलट, आपल्यावर कोणीतरी एवढं ओरडावं इतके आपण वाया गेलेलो आहोत, याचं त्यांना आतून समाधान वाटे. बायकोला फसवतोय याची अधूनमधून टोचणी लागायची, पण कबाब जिरेपर्यंत तीही जिरायची.

आणि मग आरोहीचं स्थळ आलं.

आरोही ही त्यांची एकुलती एक मुलगी, डी. फार्मसी झालेली. मुलगा पिंपळगाव बसवंतचा, तिच्याच कॉलेजातला. दोघांचं आधीच ठरलेलं होतं, मोठ्यांनी फक्त ते जुळवल्यासारखं करायचं होतं. मुलाचे वडील किशोर विधाते यांचं द्राक्षांचं पॅकहाउस. घरात सत्ता मात्र किशोररावांच्या आईची, धोंडाबाईंची. त्या माळकरी. त्यांची एकच अट होती, पिणाऱ्याच्या घरची मुलगी आणायची नाही.

रिवाजाप्रमाणे चौकशी निघाली. किशोरराव एका कामाच्या दिवशी नाशकात आले, गल्लीच्या तोंडाशी पानटपरीवर विचारलं, लताबाईंना विचारलं, आणि फिरत फिरत मल्हारीच्या ऑफिसात पोचले. मल्हारीला मित्राच्या मुलीचं चांगलं करायचं होतं. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला आणि हातचं काही न राखता सांगितलं.

"दीपकभाऊ का? अहो, अख्ख्या नाशकात असा पिणारा दाखवा. पंचवीस वर्षं बसतोय आम्ही बरोबर. माणसाचा पाय कधी लटपटला नाही. कुठं काय प्यावं, ते बारवालेसुद्धा त्यांना विचारतात."

किशोररावांनी चहा अर्धा ठेवला. दुसऱ्या दिवशी मध्यस्थाचा फोन आला की आजी नाही म्हणते.

आरोही दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी वडिलांच्या समोर येऊन बसली. "पप्पा, माझ्यासाठी सोडाल का? एवढं एकच मागते."

"अगं, मी पीतच नाही," दीपकभाऊ म्हणाले.

आरोहीला रडूच आलं. "सगळे हेच म्हणतात," ती म्हणाली आणि आत निघून गेली. दीपकभाऊ स्वयंपाकघराकडे बघत राहिले. आत उज्वलाताई भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. दीपकभाऊंना पहिल्यांदा भीती वाटली, खरीखुरी. जे कधी केलं नाही ते सोडायचं कसं, आणि सोडलं हे दाखवायचं कसं?

शनिवारी ते रानवारात गेले आणि ग्लास बाजूला सारून दोघांना सरळ सांगून टाकलं. "मी कधीच घेतली नाही. या ग्लासात नुसता कोला असतो. चव घ्या पाहिजे तर."

रवी आणि मल्हारीने एकमेकांकडे बघितलं. मग मल्हारीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, डोळे भरून आलेले. "कळलं भाऊ. पोरीसाठी बाप काय काय करतो. आज कोला मागवून बसलास तू." चव कोणी घेतलीच नाही. त्यांना ते उष्टं करणं बरं दिसलं नाही.

"अरे, केरूला विचार," दीपकभाऊ काकुळतीला आले.

केरू ट्रे घेऊन तिथेच उभा होता. "खरं आहे साहेब," तो म्हणाला. "भाऊंना मी नुसता कोलाच देतो."

"हा पण सामील," रवी कौतुकाने म्हणाला. "माणूस सोन्यासारखा आहे."

मल्हारीने तिथल्या तिथे फोन काढून किशोररावांना लावला. तोवर त्याचे तीन झालेले होते. "विधातेसाहेब, दीपकभाऊंनी थेंबसुद्धा घेतलेला नाही. कधीच नाही. आत्ता माझ्यासमोर बसलेत, विचारा." मागे कोणीतरी ग्लासला ग्लास लावला, पलीकडच्या टेबलावरून कोणी भुर्जीची ऑर्डर ओरडून दिली. किशोररावांनी 'बरं बरं' म्हणून फोन ठेवला. दीपकभाऊंनी डोकं धरलं. पंचवीस वर्षं या टेबलावर त्यांनी जे काही सांगितलं, त्यातलं एक वाक्य कोणी खोटं मानलं नव्हतं. आज ते खरं बोलले होते.

रविवारी सकाळी दारात गाडी थांबली. धोंडाबाई डोळे दाखवायला नाशकात आल्या होत्या, त्या किशोररावांना घेऊन थेट घरी आल्या. नातवाच्या हट्टापुढे त्यांनी एकदा स्वतःच्या तोंडाने विचारायचं कबूल केलं होतं. सोफ्यावर मांडी घालून बसल्या, पाणी घेतलं आणि दीपकभाऊंकडे बघितलं.

"देवाशपथ सांगतो आजी, मी पीत नाही," दीपकभाऊ उभ्या उभ्याच म्हणाले.

"पिनारा पहिली शप्पथच खातो," धोंडाबाई म्हणाल्या. "तू बस. बाई, तू सांग. ह्यो पितो का नाय?"

उज्वलाताई दारात पदर सावरून उभ्या होत्या. "नाही पीत," त्या म्हणाल्या.

"मंग शनिवारी भांडान कशाचं आस्तं? शेजारीन म्हनली, आख्ख्या आळीला ऐकू जातं. दर शनिवारी."

उज्वलाताईंनी नवऱ्याकडे बघितलं. मग आतल्या दाराशी उभ्या असलेल्या आरोहीकडे त्यांची नजर गेली, आणि त्या बोलल्या.

"लग्न झाल्यावर हे पहिल्यांदा बसायला गेले तेव्हा खरंच भांडले मी. मग मी जवळून गेले तर नुसता कबाबाचा वास. कांदा, लिंबू, चाट मसाला. दारूचा नाही. मला नाक आहे आजी. पुढच्या शनिवारी पण तेच."

"मंग भांडायची कशापायी?"

"त्यांना बरं वाटायचं," उज्वलाताई म्हणाल्या. "कंपनीत यांना कोणी विचारत नाही. सासरे होते तोवर घरात बोलायची सोय नव्हती. तिथे चार माणसं यांचं ऐकतात. मी ओरडले नसते तर आळीला कळलं असतं की पीत नाहीत, आणि मग तिथेही कोणी विचारलं नसतं. यांना तेवढंच एक मोठेपण होतं. ते काय काढून घ्यायचं?"

दीपकभाऊ जमिनीकडे बघत बसले. आपण या घराला पंचवीस वर्षं फसवतोय या हिशोबाने ते जगले होते, आणि घर त्यांना सांभाळून घेत होतं. लाज तर वाटलीच. पण त्या लाजेखाली दुसरं काहीतरी होतं.

धोंडाबाईंनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "किशोर, तारीक बघ," त्या म्हणाल्या. "दारुड्याची बायको नवऱ्याला झाकीत आस्ती. हिनं तर आख्खा उघडा केला. खोटं बोलनारी बाई आसं बोलत नाय."

आरोहीने येऊन वडिलांच्या हाताला हात लावला. तिला हसू येत होतं आणि ती ते दाबत होती. दीपकभाऊंना ती लहान असताना आपण तिच्याकडे असंच बघायचो, हे आठवलं.

साखरपुड्यानंतरच्या शनिवारी त्यांना कुठे जायचं नव्हतं. ते पेपर उलटा-सुलटा करत बसले. उज्वलाताईच म्हणाल्या, "जा की. वाट बघत असतील."

रानवारात दोघांनी त्यांचं उभं राहून स्वागत केलं. काय डोकं चालवलंत भाऊ, म्हातारीला गुंडाळलंत, असं रवी पुन्हा पुन्हा म्हणत होता. बारचा हा सगळ्यात मोठा पराक्रम म्हणून तो पुढे सांगितला जाणार, हे दीपकभाऊंना दिसत होतं. केरूने काळा ग्लास आणून ठेवला. मल्हारीने इंदिरानगरच्या नव्या रूफटॉपबद्दल विचारलं, तिथलं कॉकटेल कसं आहे म्हणून. भाऊंनी पापडाची कड मोडली. आवाज चांगला झाला. पण त्यांना काही सुचेना. "जाऊन बघा तुम्हीच," ते म्हणाले, आणि दोघांनी मान डोलावली, जणू यातही काही खोल अर्थ आहे. त्या दिवशी कबाबाची प्लेट टेबलावर तशीच राहिली.

ते घरी आले तेव्हा उज्वलाताई दारात उभ्या होत्या. शेजारचा टीव्ही बारीक झाला.

"आलात ढोसून?" त्यांचा आवाज नेहमीसारखा टिपेला गेला. "पोरीचं लग्न ठरलं तरी लाज नाही?"

दीपकभाऊ पायरीखाली उभे राहिले, मान खाली घालून. आज तोल जाऊ द्यायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही. शेवटच्या शब्दापर्यंत त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते पायरी चढून आत शिरताना उज्वलाताई जवळ आल्या, एक क्षण थांबल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "आज कबाब नाही खाल्लात. बरं वाटत नाहीये का?"