मशेरीला कोण तंबाखू म्हणतं?

माझी आई भागीबाई, पेठ तालुक्याकडच्या डोंगरातली. शहरात गंगापूर रोडच्या सोसायट्यांमधून डोक्यावर पाटी घेऊन भाजी विकायची. माझ्या भावानं, मनोजनं, तिला घरात बसवलं तोवर. ते आठवलं की अजून माझं डोकं तापतं.

झालं असं की जिना चढताना आईची छाती दाटली. मनोज तिला जवळच्या खाजगी दवाखान्यात घेऊन गेला. रक्त तपासून डॉक्टर म्हणाले, "चांगलं कोलेस्टेरॉल फारच कमी आहे. ते वाढायला हवं, हृदय जपायला हवं." आम्ही हादरलो. आईचा धाकटा भाऊ भात लावता लावता चिखलात कोसळला होता आणि पुन्हा उठला नव्हता. डॉक्टरांनी कागदावरची नजर न उचलता विचारलं, "तंबाखू वगैरे खाता का?" आई म्हणाली, "नाय बा." झाली तपासणी. पुढचा पेशंट!

मग आमच्या मनोजची वैद्यकी सुरू झाली. मोबाईलवर चार व्हिडिओ पाहिले की हा माणूस सर्जन होतो. माशाच्या तेलाच्या कॅप्सूल आल्या, जवसाची पावडर आली, कसलीशी व्हिटॅमिनं आली. जिममधल्या कुठल्या मित्रानं विकली कोण जाणे. घरातलं तेल जवळजवळ बंद. शेंगदाण्यांचा डबा वरच्या फळीवर गेला. खुरासणीची, म्हणजे कारळ्याची चटणी, जिच्यावर आईनं अख्खं आयुष्य नागलीची भाकर खाल्ली, ती बंद. का, तर त्यात तेल असतं! उकडलेला दुधी आणि फुलका. भाजीची पाटी माळ्यावर टाकली आणि आईला खुर्ची दिली. "आता फक्त आराम करायचा," म्हणाला. वर येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचं, आईसाठी मी काय काय करतो ते.

आई खुर्चीत बसून सुकत चालली. तिला गिऱ्हाइकांची आठवण यायची. "त्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाईला रानभाजी लागती, तिला कोण देत असंल?" असं विचारायची. मी मनोजशी भांडायचे आणि तो मला फोनमधला व्हिडिओ दाखवायचा.

काही महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. चांगलं कोलेस्टेरॉल आणखी खाली! आणि हा शहाणा आईवरच डाफरला. "तू चोरून काहीतरी खातेस, त्याशिवाय असं होणारच नाही." जन्मभर स्वतः उपाशी राहून आम्हाला भरवलेल्या बाईला हा चोर म्हणाला. आई तोंडाला पदर लावून रडली. मी दुसऱ्या दिवशी, शिकवते त्या शाळेत रजा टाकली आणि तिला सरकारी दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आईला आधी तोंड उघडायला लावलं.

"मशेरी लावता?"

"व्हय. सकाळी लावते, दुपारी लावते. जेवायच्या आधीबी लावते."

"मग तंबाखू नाही असं कसं सांगितलंत?"

"खात नाय ना मी. दात घासते."

आई खोटं बोलली नव्हती. आमच्या अख्ख्या गल्लीत कुठल्याही बाईला विचारा, हेच उत्तर मिळेल. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटून डबीत भरायची. घरभर ठसका लागतो, खिडक्या उघडाव्या लागतात. पण तिला तंबाखू कुणी म्हणत नाही. शिकलेली मी, मीही नाही.

बाईंनी नीट समजावलं. तंबाखू कुठल्याही रूपानं घेतली तरी हृदयाला घातकच, आणि चांगलं कोलेस्टेरॉल खाली जायलाही तिचा हात असतो. दुसरं, पायी फिरणं बंद झालं, ते वाईट झालं. शेंगदाणे, खुरासणी, डाळी, मासळी बेतानं खायला हवीच. कॅप्सूलनं कधी आकडा हलला तरी हृदय वाचेलच असं नाही. आणखी एक तपासणी करून त्यांनी पाटी घ्यायलाही परवानगी दिली, फक्त हलकी घ्या म्हणाल्या.

घरी येऊन मी मनोजला धरलं. "कामावरून येताना द्वारका चौकातून आईची तंबाखू कोण आणतं रे दर आठवड्याला? एका हातात कॅप्सूल आणि दुसऱ्या हातात पुडी!"

"मला काय माहीत? मशेरीच तर होती ती," तो ओरडला.

"भांडू नका," आई म्हणाली. "त्यानं नाय शिकवली मला. सासूनं शिकवली. भात कापून झाला की आम्ही द्राक्षाच्या बागांवर कामाला जायचो. भाकर समद्यांना पुरायची नाय. आधी गडी जेवायचे, मग पोरं. सासू म्हणाली, ही लाव, भूक मरती."

मला संताप आवरेना, आणि तो काढायचा कुणावर तेही कळेना. आईची सासू, म्हणजे आमची आजी, कधीच गेली, तीही तीच मशेरी लावत गेली. दुसऱ्यांच्या बागा पिकवणाऱ्या बायकांना भाकरीऐवजी तंबाखू, आणि म्हातारपणी त्यांनाच विचारायचं की चोरून काय खातेस!

सोडणं सोपं नव्हतं. आईचं डोकं दुखायचं, हात थरथरायचे, ती सगळ्यांवर खेकसायची. दवाखान्यातून सल्ला घेत, पडत-झडत, शेवटी सुटली. पाटी पुन्हा डोक्यावर चढली. पुढची रक्ततपासणी अजून व्हायची आहे.

गेल्या रविवारी ती भाजी विकून आली तेव्हा मी घरीच होते. तिला भाकर आणि खुरासणीची चटणी वाढली. तिनं ती संपवली, दुसरीही संपवली आणि रिकाम्या ताटाकडे बघत बसली.

"पल्लवी," तिनं हळूच विचारलं, "माणसाला एवढी भूक लागती व्हय गं?"

मनोज काहीतरी बोलणार होता. मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि तव्यावरची तिसरी भाकर आईच्या ताटात घातली.