मेला म्हणायची घाई नाही

भाचीच्या लग्नात एका पाहुण्यांनी मला विचारलं, "सिस्टर, तुमच्या आयसीयूत तर सगळे बेशुद्ध! तिथं कसले किस्से होणार?" म्हटलं, भाऊ, पेशंट बेशुद्ध असतो, दाराबाहेर बसलेलं त्याचं गाव पक्कं शुद्धीवर असतं! बुलढाण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूची मी इन्चार्ज. येणारा प्रत्येक जण जाताना काहीतरी बोलून जातो. ते कुठं टाकणार? डोक्यात साचत जातं.

*

आमचे काझी सर मेहकरचे, कापडदुकानदाराच्या घरातले. शिकले मुंबईत अन् हट्टानं परत आले इकडं. एखाद्याचा मेंदू कायमचा बंद पडला, म्हणजे ब्रेन डेथ झाली, की नातेवाइकांना सांगायचं काम त्यांचं. एकदा सर ऑपरेशनमध्ये अडकले, म्हणून पुण्याहून आलेले नवे डॉक्टर सांगायला गेले. "तुमचे वडील ब्रेन डेड आहेत, पण हार्ट चालू आहे."

मुलाचा चेहरा एकदम खुलला! "मंग हार्ट चालू हाय तं घरी नेतो. मेंदूचं पाहू सावकाश!"

सरांनी नव्या डॉक्टरांना बाजूला घेतलं. "इथं 'पण' बंद! माणूस गेला की आधी गेला म्हणायचं. हृदय मशीन अन् औषधांच्या जोरावर चालू आहे, ते मागून समजवायचं. त्या 'पण'ले लोक लटकून राह्यतात बे!"

पुण्याच्या डॉक्टरांना 'पण'पेक्षा ते 'बे'च जास्त लागलं!

*

बीटी कपाशी आली तेव्हा लोक म्हणाले, आता फवारणी संपली. मग बोंडअळी परत आली, अन् तिच्या मागोमाग फवारणीचे पेशंट आमच्याकडे!

मोताळ्याकडचा विठ्ठल त्यातलाच. वारा फिरला, सगळं औषध त्याच्याच अंगावर आलं अन् तो तासात कोसळला. आला तेव्हा श्वास नाही. व्हेंटिलेटरवर घेतला. बाहुल्या उजेडाला हलेनात, चिमटा काढला तरी बोट हलेना. बाहेरून पाहायला आलेले एक मोठे डॉक्टर म्हणाले, "काझी, हा संपलाय. ब्रेन डेथच्या तपासण्या करून मोकळे व्हा."

सर भडकले. "विष अंगात आहे तोवर ती तपासणी करायचीच नाही! विषानं माणूस मेल्यासारखा दिसतो. मला मेल्यासारखा चालत नाही!"

विठ्ठलची बायको दारात उभी. "साहेब, नेऊ काय मंग याईले घरी?"

"हात तर लावून पाहा कोणी!"

बरेच दिवस गेले. एका सकाळी विठ्ठलची पापणी हलली. पुढं श्वास आला, नळी निघाली. आम्ही सगळे पलंगाभोवती. खरखरीत आवाजात त्याचं पहिलं वाक्य: "अळी मेली काय?"

सर म्हणाले, "अळी बी नाही मेली, अन् तू बी नाही मेला!"

*

दुसरबीडचा शकील, गॅरेजवाला. मोटारसायकलवरून पडला, डोक्याला मार. सगळ्या तपासण्या नियमानं झाल्या, मेंदू गेलेला. सरांनी त्याच्या अम्मीला सांगितलं अन् अवयव देता येतात हेही सांगितलं. तेवढ्यात शकीलची बोटं हलली. अम्मी ओरडली, "हाथ हिला! मेरा बच्चा हिला!"

ती हालचाल पाठीच्या कण्यातून होते, मेंदूतून नाही. सरांनी हे सांगून पाहिलं, पण आई ती आई. मग त्यांनी अख्खी तपासणी तिच्यासमोर पुन्हा केली. ऑक्सिजन चालू ठेवून व्हेंटिलेटर बाजूला केलं. "अम्मी, आता फक्त छाती पाहा. मेंदू जिवंत असला तर श्वास घेईलच."

ती पाहत राहिली. मीही. छाती हलली नाही.

तिनं पदरानं तोंड पुसलं. "देख लिया, बेटा. गया. पर मैं कुछ नहीं दूँगी."

सर म्हणाले, "ठीक है, अम्मी."

बाहेर आमच्याच स्टाफपैकी कोणीतरी कुरकुरलं, एवढा वेळ फुकट गेला म्हणून. सर वळले. "पोरगं तिचं गेलं. तुझं काय गेलं बे?"

*

मेंदू गेला की शरीराला कोणी धनी राहत नाही. बीपी कोसळतं, लघवीचा पूर येतो, अंग गार पडतं. घरच्यांनी अवयव द्यायचं ठरवलं, तर हे सगळं आम्ही सांभाळायचं. मी अशा पेशंटशी बोलतेसुद्धा. "दादा, कूस बदलते हं." नवी सिस्टर म्हणाली, "मॅडम, ते गेलेत ना? कोणाशी बोलता?"

म्हटलं, "तुझ्याशी बोलते तेव्हा तरी कोण ऐकतं!"

एकदा मोठ्या शहरातल्या सर्जननी फोन केला. "आमची टीम येईपर्यंत तुमच्याकडे डोनर टिकेल का? तिकडे लाइट जाते म्हणे."

मी म्हटलं, "लाइट जाते साहेब, हात जात नाहीत!"

अन् गेलीच हो लाइट! जनरेटर नुसता खोकला. आम्ही पाळीपाळीनं हातानं फुगा दाबत श्वास देत राहिलो. टीम आली तेव्हा बीपी जागच्या जागी. सर्जननी आधी मॉनिटर पाहिला, मग आमचे हात. जाताना चहा मागून घेतला!

*

अन् ही शोभा. नवरा गजानन शेतकरी, कापसानं भरलेल्या गाडीवर दोर आवळताना वरून पडला. मेंदू गेला. सरांनी 'पण' न लावता सांगितलं. तिनं भिंतीला डोकं टेकवलं. मग विचारलं, "याईचं कोणाले काही कामी येईन काय?" सर म्हणाले, येईल. ती म्हणाली, "इचार करू द्या."

व्हरांड्यात गावातलं एक पुढारी माणूस आलं, सोबत पेपरवाला. त्या वर्षी कपाशी बुडालेली; कोणताही शेतकरी गेला की पहिला प्रश्न एकच असायचा, जीव दिला का? पुढारी हळूच म्हणाला, "वहिनी, पडला म्हणू नका. कपाशी गेली म्हणून जीव दिला म्हणा. सरकारची मदत लागून जाईन."

दीर म्हणाला, "हाव, तसंच सांग."

सासू रडायची थांबली. सगळे शोभाकडे पाहू लागले.

शोभा उठली. पेपरवाल्यासमोर जाऊन उभी राहिली. "लिहून राह्यले ना? मंग नीट लिहा. माह्या माणसानं जीव नाही देला."

मग माझ्याकडे वळली.

"चाला सिस्टर, सहीचा कागद काढा. आता मी देते!"